एकही चेंडू न खेळता मते कशी वाढतात?

आपण तीन प्रश्न विचारले आहेत. अँड्रू जोन्सला २०१८ साली बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे थोर खेळाडूंच्या गौरवदालनासाठी, अवघी ७.३ टक्के मते मिळाली आणि २०२६ च्या जानेवारीत ७८.४ टक्के मते मिळून तो निवडून आला. मधल्या काळात त्याने एकही चेंडू खेळलेला नसताना हे कसे घडले, हा पहिला. ऑफ-सीझनमध्ये ज्याला अवाढव्य रकमेचा करार मिळतो तो हॉल ऑफ फेमच्या योग्यतेचा मानावा का, आणि तो करार फसला तर ते खेळाडूच्या विरुद्ध धरावे का, हा दुसरा. आणि ७६२ होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके) मारणारा बॅरी बाँड्स बाहेर का, हा तिसरा. मुलगा लिटल लीगमध्ये (मुलांच्या बेसबॉल स्पर्धांत) खेळू लागल्यापासून आपल्या घरी रोज हे वाद होतात, असेही आपण लिहिले आहे. माझ्या मते तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: खेळाडूचे मोल कोण ठरवतो, कोणत्या वेळी ठरवतो आणि कशासाठी ठरवतो? हे तीन धागे सुटे केले की बराच गोंधळ आपोआप कमी होतो.

मी कोठून बोलतो आहे हे आधी सांगतो. गेली अनेक वर्षे मी खेळाडूंच्या बाजूने पगार-लवादासाठी आणि कराराच्या वाटाघाटींसाठी आकडेवारीची टिपणे तयार करतो. हॉल ऑफ फेमसाठी मला मत नाही. ते मत बेसबॉल पत्रकारांच्या संघटनेत सलग दहा वर्षे सदस्य राहिलेल्यांनाच असते. मात्र दर डिसेंबरमध्ये मी माझी मतपत्रिका कागदावर भरतो आणि प्रत्येक नावापुढे कारण लिहून ठेवतो. एकाच खेळाडूचे मोल लवादात वेगळे, करारात वेगळे आणि हॉल ऑफ फेममध्ये वेगळे का निघते, हे मला या दोन्ही कामांतून हळूहळू उमगत गेले.

सुरुवात लवादापासून करतो, कारण तेथे नियम सर्वांत स्पष्ट आहेत. साधारणपणे तीन ते सहा वर्षांची सेवा झालेल्या खेळाडूचे आणि क्लबचे पगारावर एकमत झाले नाही, तर जानेवारीत दोन्ही बाजू एकेक आकडा देतात आणि पुढे तीन लवादांसमोर सुनावणी होते. प्रत्येक बाजूला म्हणणे मांडायला एक तास आणि खंडन करायला अर्धा तास मिळतो. लवादांनी दोनपैकी एकच आकडा निवडायचा असतो, मधला आकडा काढण्याची मुभा त्यांना नसते. तेथे सर्वाधिक वजन असते ते नुकत्याच संपलेल्या हंगामाला, आणि सेवेची तेवढीच वर्षे झालेल्या इतर खेळाडूंना काय मिळाले याला. क्लबची आर्थिक स्थिती पुढे करता येत नाही आणि वर्तमानपत्रांतील स्तुतीही पुरावा म्हणून चालत नाही. त्यामुळे माझ्या टिपणाचे पहिले पान नेहमी मागच्या एका वर्षाबद्दलच असते, मग त्याआधीची तीन वर्षे कितीही चांगली गेलेली असोत.

खेळाडू फ्री एजंट, म्हणजे कोणत्याही क्लबशी करार करायला मोकळा, झाला की प्रश्न बदलतो. १९७५ च्या डिसेंबरात पीटर सायट्झ या लवादाने अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली यांच्या बाजूने निर्णय दिला आणि क्लबने खेळाडूला वर्षानुवर्षे बांधून ठेवण्याची पद्धत मोडली. तेव्हापासून ऑफ-सीझनचा बाजार ज्या अर्थाने आज आपण ओळखतो त्या अर्थाने सुरू झाला. या बाजारात क्लब पैसे देतो ते पुढे मिळणाऱ्या विजयांसाठी. मागची कामगिरी तेथे मोजली जाते, पण ती पुढचा अंदाज बांधण्यापुरती. २०२४ च्या डिसेंबरात न्यूयॉर्क मेट्सने हुआन सोटोला १५ वर्षांसाठी ७६.५ कोटी डॉलर देऊ केले, यात त्याच्या फलंदाजीइतकाच त्याच्या वयाचा वाटा होता, कारण तो तेव्हा २६ वर्षांचा होता आणि बहुतेक चांगले खेळाडू फ्री एजंट होईपर्यंत तिशीच्या उंबरठ्यावर आलेले असतात. आयपीएलच्या लिलावात एखाद्या यष्टिरक्षकावर लागलेली बोली जशी त्या वर्षी कोणत्या संघाला यष्टिरक्षकाची निकड होती हेही सांगते, तसाच येथील कराराचा आकडा गरज, वय आणि स्पर्धक क्लबांची संख्या या तिन्हींचे मिश्रण असतो. म्हणून करारावरून हॉल ऑफ फेमचा अंदाज बांधू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

करार फसल्याने हॉल ऑफ फेमची पात्रता कमी होते का, याचे उत्तरही यातच आहे. अल्बर्ट पूहोल्सने सेंट लुइस कार्डिनल्सकडून अकरा हंगामांत ४४५ होमरन मारले आणि तीन वेळा सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. २०११ च्या डिसेंबरात, ३१ व्या वर्षी, त्याने एंजल्सशी दहा वर्षांचा २४ कोटी डॉलरचा करार केला. त्या करारातला बराचसा काळ एंजल्ससाठी निराशेचा गेला आणि २०२१ च्या मे महिन्यात त्यांनी त्याला मोकळे केले. हा क्लबच्या हिशेबाचा प्रश्न आहे. सेंट लुइसमधली ती अकरा वर्षे त्यामुळे एका धावेनेही कमी होत नाहीत. तो २०२८ च्या मतपत्रिकेवर येईल तेव्हा एंजल्सच्या ताळेबंदाचा विचार करणारा मतदार माझ्या दृष्टीने चुकीच्या वहीत नोंद करत असेल.

ट्रेड (क्लबांमधली खेळाडूंची अदलाबदल) आणि करार यांचा हॉल ऑफ फेमशी काहीच संबंध नसतो, असे मात्र नाही. एक अगदी दिसणारा परिणाम म्हणजे निवडून आलेल्याच्या नावाने तेथे लागणाऱ्या ब्राँझच्या पाटीवरची टोपी. खेळाडू किती संघांतून फिरला यावरून कोणत्या संघाचे चिन्ह कोरायचे हा पेच निर्माण होतो आणि अंतिम निर्णय संस्था घेते. आंद्रे डॉसनला शिकागो कब्जची टोपी हवी होती, पण २०१० साली त्याच्या पाटीवर माँट्रिअल एक्स्पोजचे चिन्ह आले. २०१९ साली माइक मुसिना आणि रॉय हॅलडे यांच्या टोप्या चिन्हाविनाच राहिल्या. दुसरा परिणाम थोडा खोल आहे. २००८ च्या जुलैमध्ये क्लीव्हलंडने सी. सी. सबाथिया या पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) मिलवॉकीला देऊन टाकले, तेव्हा तो हंगाम संपताच फ्री एजंट होणार हे सगळ्यांना ठाऊक होते. पिचर अशा वेळी हात जपून खेळतो आणि त्यात गैर काही नाही. त्याने मात्र १७ सामन्यांत ११ विजय आणि २ पराभव अशी कामगिरी केली, त्यातले सात सामने पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत एकट्याने टाकले, शेवटच्या आठवड्यांत तीनच दिवसांच्या विश्रांतीवर वारंवार चेंडू हातात घेतला आणि १९८२ नंतर प्रथमच मिलवॉकीला बाद फेरीत नेले. त्या डिसेंबरात यांकीजने त्याला सात वर्षांसाठी १६.१ कोटी डॉलर दिले. २०२५ साली तो पहिल्याच प्रयत्नात ८६.८ टक्के मतांनी निवडून आला. त्या मतांत २५१ विजय आणि ३,०९३ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज) यांचा मोठा वाटा आहेच, पण २००८ चे ते अर्धे वर्ष मतदारांच्या आठवणीत किती ठळक होते हे त्या सुमाराचे लेख वाचणाऱ्याला सहज जाणवते.

आता जोन्स. मी त्याच्यावर जास्त वेळ घालवणार आहे, कारण आपला खरा प्रश्न त्याच्याबद्दल आहे आणि लवाद, बाजार व हॉल ऑफ फेम या तिन्ही हिशेबांची त्याच्या कारकिर्दीत टक्कर होते.

जोन्स कुरसाव बेटावरचा. १९९६ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेत, १९ वर्षांचा असताना, यांकी स्टेडियमवरच्या पहिल्या सामन्यात त्याने आपल्या पहिल्या दोन्ही पाळ्यांत होमरन मारले. पुढे अटलांटा ब्रेव्ह्जसाठी त्याने सेंटर फील्डर (मैदानाच्या मागच्या भागात मधोमध उभा राहणारा क्षेत्ररक्षक) म्हणून १९९८ ते २००७ अशी सलग दहा वर्षे उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह पुरस्कार मिळवला आणि २००५ साली ५१ होमरन मारले. त्या काळातले चित्रीकरण आपण मुलासोबत जरूर पाहा. इतर सेंटर फील्डर जेथे उभे राहतात त्याच्या बराच पुढे, जवळजवळ दुसऱ्या बेसच्या पाठीमागे, तो उभा राहत असे, त्यामुळे समोर पडू पाहणारे चेंडू त्याच्या हातात येत. आणि चेंडू डोक्यावरून गेला तर बॅटच्या आवाजाबरोबर पाठ वळवून तो कुंपणाकडे धावत सुटे आणि शेवटच्या दोन-तीन पावलांत वेग कमी करून झेल घेई. झेल सोपा दिसे, कारण अवघड भाग त्याने आधीच्या दोन सेकंदांत उरकलेला असे. अशा क्षेत्ररक्षकाचे मोल मोजताना जुन्या आकड्यांची मोठी पंचाईत होते. जुन्या पद्धतीत क्षेत्ररक्षकाच्या नावावर चुका लिहिल्या जातात, पण दुसऱ्या कोणाला पोहोचताही आले नसते असा चेंडू त्याने पकडला, याची नोंद कोठेच होत नाही.

२००७ चा हंगाम जोन्सला वाईट गेला आणि त्यानंतर तो फ्री एजंट झाला. लॉस एंजेलिस डॉजर्सने त्याला फक्त दोन वर्षांचा, पण ३.६२ कोटी डॉलरचा करार दिला. तो तेव्हा ३० वर्षांचा होता. २००८ मध्ये त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, ७५ सामन्यांत त्याची फलंदाजीची सरासरी अवघी .१५८ राहिली आणि होमरन झाले तीन. पुढच्या जानेवारीत डॉजर्सने त्याला सोडून दिले. त्यानंतर टेक्सास, शिकागो व्हाइट सॉक्स आणि यांकीज असा तो फिरला, मोजक्या पाळ्या खेळला आणि शेवटी जपानमध्ये गेला. ब्रेव्ह्जकडून त्याने ३६८ होमरन मारले होते, उरलेल्या पाच हंगामांत फक्त ६६. लोकांच्या डोळ्यांसमोर जो शेवटचा जोन्स राहिला तो डॉजर्सच्या गणवेशातला थकलेला जोन्स होता, आणि पाच वर्षांच्या सक्तीच्या प्रतीक्षेनंतर त्याचे नाव मतपत्रिकेवर आले तेव्हा मतदारांच्या मनात तीच प्रतिमा ताजी होती. फसलेला करार पात्रतेच्या आड येऊ नये असे मी वर म्हटले, पण तो प्रतिमेच्या आड येतो आणि मते प्रतिमेवरही पडतात, हे मान्य करावे लागेल.

तरीही ७.३ टक्क्यांचे मुख्य कारण प्रतिमा नव्हती. मुख्य कारण होते मतपत्रिकेवरची गर्दी. निवडून येण्यासाठी ७५ टक्के मते लागतात. मतदाराला जास्तीत जास्त दहा नावांवर खूण करता येते. पाच टक्क्यांपेक्षा कमी मते पडली की नाव कायमचे काढले जाते, आणि २०१४ साली झालेल्या बदलानंतर खेळाडू मतपत्रिकेवर पंधराऐवजी दहाच वर्षे राहू शकतो. २०१३ साली बाँड्स, रॉजर क्लेमेन्स, कर्ट शिलिंग, माइक पियाझा, क्रेग बिजिओ आणि सॅमी सोसा एकाच वेळी नव्याने मतपत्रिकेवर आले, आणि बाँड्स, क्लेमेन्स यांच्यासारख्यांनी उत्तेजके घेतल्याच्या संशयावरून मतदारांत अशी फूट पडली की त्या वर्षी पत्रकारांनी एकालाही निवडले नाही. जे निवडून यायचे ते अडकले आणि मागून दरवर्षी नवे मातब्बर येत राहिले. २०१८ ची मतपत्रिका समोर ठेवून पाहा: चिपर जोन्स, व्लादिमिर गेरेरो, जिम थोमी, ट्रेव्हर हॉफमन, एड्गर मार्टिनेझ, माइक मुसिना, लॅरी वॉकर, बाँड्स, क्लेमेन्स आणि शिलिंग. झाले दहा. स्कॉट रोलेन, बिली वॅग्नर आणि अँड्रू जोन्स यांना आता कोठे बसवणार? जोन्स पात्र आहे असे मनापासून मानणाऱ्या मतदारालाही त्या वर्षी त्याच्यावर खूण करणे अवघड होते. त्याला ४२२ मतपत्रिकांपैकी ३१ वर मत मिळाले. टिकण्यासाठी २२ हवी होती. म्हणजे नऊ मतांनी तो वाचला.

केनी लॉफ्टन वाचला नाही. तोही सेंटर फील्डर, त्याची सरासरी .२९९ आणि बेस चोरले, म्हणजे फटक्याची वाट न पाहता धावून पुढचे बेस गाठले, ६२२. एखाद्याच्या जागी सहज मिळणारा बदली खेळाडू उभा केला असता तर संघाचे किती विजय कमी झाले असते, याचा अंदाज देणारा ‘वॉर’ नावाचा आकडा आपण हल्ली सर्वत्र पाहत असाल. बेसबॉल-रेफरन्सच्या हिशेबाने तो लॉफ्टनचा सुमारे ६८ आणि जोन्सचा सुमारे ६३ भरतो. पण लॉफ्टन नेमका २०१३ च्या गर्दीत आला, ५६९ पैकी १८ मते मिळाली आणि पहिल्याच वर्षी त्याचे नाव गेले. ही घटना मला आजही खटकते. दोन खेळाडूंच्या गुणवत्तेत जेवढे अंतर नव्हते तेवढे अंतर त्यांच्या निवृत्तीच्या वर्षाने पाडले.

२०१४ ते २०२० या सात मतदानांत पत्रकारांनी २२ खेळाडू निवडले आणि कोंडी हळूहळू फुटली. २०२२ नंतर बाँड्स, क्लेमेन्स, शिलिंग आणि सोसा यांची दहा वर्षे संपली आणि एकाच वेळी चार जागा मोकळ्या झाल्या. जोन्सची टक्केवारी याच्याशी ताडून पाहा: २०१९ मध्ये ७.५, २०२० मध्ये १९.४, २०२१ मध्ये ३३.९, २०२३ मध्ये ५८.१, २०२५ मध्ये ६६.२ आणि नवव्या वर्षी ७८.४. दरम्यान मतदारही बदलत होते. प्रत्यक्ष वार्तांकन सोडून दहा वर्षांहून अधिक काळ लोटलेल्यांचे मत काढून घेण्याचा नियम आला तेव्हा मतपत्रिका २०१५ च्या ५४९ वरून २०१६ मध्ये ४४० वर आल्या. जे गेले त्यांची जागा अशा पत्रकारांनी घेतली ज्यांना क्षेत्ररक्षणाचे मोल धावांत मांडण्याची सवय होती. त्या पद्धतीने मोजले तर सेंटर फील्डवर जोन्सने वाचवलेल्या धावा थक्क करणाऱ्या आहेत. जोन्स आहे तेथेच होता, त्याच्याभोवतीची मतपत्रिका आणि मतदार बदलले. लॅरी वॉकर २०१४ साली १०.२ टक्क्यांवर होता आणि शेवटच्या वर्षी, २०२० मध्ये, ७६.६ टक्क्यांनी निवडून आला. रोलेन २०१८ मधल्या १०.२ टक्क्यांवरून पाच वर्षांत ७६.३ टक्क्यांवर पोहोचला. त्यांचीही वाट साधारण हीच होती.

येथे परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते प्रामाणिकपणे सांगायला हवे. क्षेत्ररक्षणाचे जुने आकडे आजच्या इतके भरवशाचे नाहीत. प्रत्येक चेंडूचा आणि प्रत्येक पावलाचा कॅमेऱ्याने माग ठेवण्याची सोय २०१५ पासून सर्व मैदानांवर आली. त्याआधीचे हिशेब चेंडू कोठे पडला याच्या नोंदींवरून केलेले आहेत. म्हणून जोन्सच्या क्षेत्ररक्षणाचा आकडा मी जसाच्या तसा घेत नाही, थोडा कमी करून घेतो, आणि तसे करूनही तो माझ्या दहा नावांत येतो. दुसरा मतभेदाचा मुद्दा म्हणजे शिखर महत्त्वाचे की लांबी. बेसबॉल विश्लेषक जे जॅफी यांनी २००४ मध्ये पुढे आणलेली ‘जॉज’ ही पद्धत संपूर्ण कारकिर्दीचा ‘वॉर’ आणि सर्वोत्तम सात हंगामांचा ‘वॉर’ यांची सरासरी काढते आणि त्याच स्थानावर खेळलेल्या निवडून आलेल्यांशी तुलना करते. मी तिचा वापर आरंभबिंदू म्हणून करतो. पण सँडी कोफॅक्स या पिचरने ३० व्या वर्षी, १६५ विजयांवर, दुखऱ्या हातामुळे खेळ सोडला आणि १९७२ साली पहिल्याच प्रयत्नात तो निवडून आला, तेव्हा बहुतेक मतदारांना लांबीची अडचण वाटली नाही. १६९ विजय असलेल्या फेलिक्स हर्नांडेझ या पिचरला २०२५ मध्ये २०.६ टक्के मते मिळाली आणि २०२६ मध्ये ४६.१. एका वर्षात झालेली ही वाढ पाहून मला बरे वाटले. २०१० मध्ये १३ विजय आणि १२ पराभव असताना त्याला सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला होता, कारण त्याच्या संघाने त्याच्या मागे धावाच केल्या नव्हत्या. विजयांची संख्या पिचरची खरी कामगिरी लपवू शकते हे मतदारांनी त्या दिवशी मान्य केले होते, आणि आता तेच हॉल ऑफ फेमच्या मतपत्रिकेवर झिरपत आहे.

पाच-दहा मतांचे महत्त्व किती असते याचे उदाहरण म्हणून बिली वॅग्नर या पिचरचे २०२४ चे मतदान घ्या. ३८५ मतपत्रिका, २८९ मते हवी होती, त्याला मिळाली २८४. त्याच दिवशी जो मावर २९३ मतांनी, म्हणजे हव्या होत्या त्यापेक्षा फक्त चार जास्त मतांनी, निवडून आला. वॅग्नरने कारकिर्दीत ९०३ डावच टाकले, आणि एवढ्या थोड्या डावांवर कोणाला ब्राँझची पाटी मिळावी का, हा आक्षेप गैरवाजवी नव्हता. मला स्वतःला तो आक्षेप पुष्कळ वर्षे बरोबर वाटत असे आणि आजही मी अखेरच्या डावापुरत्या पिचरसाठी उंबरठा फार उंच ठेवतो. पण समोर आलेल्या फलंदाजांना ज्याने .१८७ च्या सरासरीवर रोखून धरले त्याला केवळ भूमिका लहान होती म्हणून नाकारणे मला पटत नाही. २०२५ मध्ये, दहाव्या आणि शेवटच्या संधीत, तो ८२.५ टक्क्यांनी आत गेला.

आता बाँड्सबद्दल, म्हणजे उत्तेजकांच्या संशयाबद्दल. मतदारांना दिलेल्या निकषांत कामगिरी आणि खेळण्याची क्षमता यांच्याबरोबर सचोटी, खिलाडूवृत्ती, चारित्र्य आणि संघासाठीचे योगदान हेही शब्द आहेत. त्यांचे वजन किती धरायचे हे कोठेही लिहिलेले नाही, आणि म्हणून येथे गणित संपते व प्रत्येक मतदाराची सदसद्विवेकबुद्धी सुरू होते. २०२२ मध्ये, शेवटच्या वर्षी, बाँड्सला ६६ टक्के मते मिळाली. म्हणजे दर तीन मतदारांपैकी साधारण दोघांनी त्याला मत दिले, तरी ते पुरले नाही. त्यानंतर त्याची वाट पत्रकारांच्या मतपत्रिकेवरून गेलेल्यांचा विचार करणाऱ्या १६ जणांच्या समितीकडे गेली, जेथे १२ मते लागतात आणि एका सदस्याला आठपैकी फक्त तीन नावांना मत देता येते. २०२५ च्या डिसेंबरात त्या समितीने १४ मतांनी जेफ केंटला निवडले. बाँड्स आणि क्लेमेन्स या दोघांनाही पाचपेक्षा कमी मते पडली, आणि नव्या नियमानुसार त्यामुळे पुढच्या वेळी, म्हणजे २०२८ च्या मतदानात, त्यांची नावे येऊ शकत नाहीत.

माझ्या कागदावरच्या मतपत्रिकेत बाँड्स आणि क्लेमेन्स यांच्यापुढे खूण होती. माझी रेषा अशी आहे: उत्तेजकांच्या चाचण्या आणि त्यासोबतची शिक्षा २००४ पासून लागू झाली. त्यानंतर ज्यांना नियम माहीत असताना शिक्षा झाली, म्हणजे २००९ आणि २०११ मध्ये मॅनी रमिरेझ किंवा २०१४ चा पूर्ण हंगाम गमावलेला अ‍ॅलेक्स रॉड्रिग्झ, त्यांना मी मत देत नाही. त्याआधीच्या काळात संपूर्ण खेळ डोळे मिटून बसला होता. त्या काळातले आयुक्त बड सीलिग २०१६ च्या डिसेंबरात समितीकडून हॉल ऑफ फेममध्ये निवडले गेले. ज्यांच्या देखरेखीखाली हे चालले त्यांना पाटी आणि ज्यांनी खेळून प्रेक्षक आणले त्यांना बंद दार, हा न्याय मला मान्य नाही. ज्यांना माझी रेषा चुकीची वाटते त्यांच्याशी मी वाद घालतो, पण त्यांना अज्ञानी समजत नाही. कार्लोस बेल्ट्रानच्या बाबतीतही असेच दोन तट पडले. २०१७ च्या ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजच्या, प्रतिस्पर्ध्यांच्या गुप्त खुणा चोरून ओळखण्याच्या प्रकरणातील अहवालात नाव आलेला तो एकटा खेळाडू होता आणि त्यापायी मेट्सचे प्रशिक्षकपद एकही सामना न होता त्याच्या हातून गेले. मतदारांनी त्याला २०२३ मध्ये ४६.५ टक्क्यांवर थांबवले आणि २०२६ मध्ये ८४.२ टक्क्यांनी आत घेतले. चौथ्या वर्षी मिळालेला प्रवेश ही मतदारांनी दिलेली मोजूनमापून शिक्षा होती, असे मी समजतो. त्याचे ४३५ होमरन आणि ३१२ चोरलेले बेस पाहता, अन्यथा तो पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षीच निवडून आला असता.

मुलाला या सगळ्याचा सराव द्यायचा असेल तर डिसेंबरमध्ये त्याला दहा जागांचा कोरा कागद द्या आणि दोन वेगळे स्तंभ आखायला सांगा. एका स्तंभात त्या आठवड्यात झालेले करार आणि ट्रेड, त्यात प्रत्येक खेळाडूचे वय आणि कराराची वर्षे. दुसऱ्यात मतपत्रिकेवरची नावे, त्यात सर्वोत्तम सात हंगाम आणि संपूर्ण कारकीर्द. पहिल्या स्तंभात ‘हा पुढे काय देईल’ एवढेच विचारायचे, दुसऱ्यात ‘याने काय दिले’ एवढेच. मतपत्रिका नोव्हेंबरात पाठवल्या जातात, ३१ डिसेंबरपर्यंत परत येतात आणि निकाल जानेवारीत लागतो. दरम्यान अनेक पत्रकार आपली नावे उघड करतात आणि त्यांची बेरीज जाहीरपणे ठेवली जाते. जाहीर मतांतील टक्केवारी अनेकदा अंतिम निकालापेक्षा वर असते, म्हणून ७७ टक्के दिसले की पेढे वाटू नयेत.

२०२७ च्या मतदानात पाहण्यासारखे एक आहे. १९६० नंतर लीगचा विस्तार झालेल्या काळात खेळलेल्या, पण २,००० हून कमी हिट (बेस मिळवून देणारे यशस्वी फटके) असलेल्या एकाही फलंदाजाला पत्रकारांनी कधी निवडले नव्हते. टोनी ओलिव्हा १,९१७ हिटवर आत गेला तो समितीच्या मार्गाने. जोन्सचे हिट १,९३३ आहेत, म्हणजे ती अलिखित मर्यादा २०२६ च्या जानेवारीत मोडली. चेस अटलीचे १,८८५ आहेत. तो २०२५ मध्ये ३९.८ टक्क्यांवर होता आणि २०२६ मध्ये ५९.१ टक्क्यांवर आला. बस्टर पोझीचे नेमके १,५०० आहेत आणि तो २०२७ मध्ये पहिल्यांदा मतपत्रिकेवर येतो आहे. पोझी कॅचर, म्हणजे यष्टिरक्षकासारखा, होता, गुडघे मोडून दिवसभर बसण्याच्या त्या कामात हिट मोजणे मुळातच अपुरे असते, त्यामुळे त्याला पहिल्याच वर्षी ७५ टक्क्यांच्या वर मते पडली तर मला आश्चर्य वाटणार नाही. अटलीसाठी गर्दी किती आहे हे आधी मोजा: उघड झालेल्या मतपत्रिकांपैकी किती जणांनी दहाच्या दहा जागा भरल्या आणि किती जणांनी पाच-सहा नावांवर थांबणे पसंत केले, हे पाहिले की त्याला आणखी एक वर्ष लागेल की दोन, याचा अंदाज आपल्याला घरबसल्या बांधता येईल.